अडवणे, थांबवणे, रोखणे : क्रियापदाची निवड आणि जबाबदारी

भंडारा जिल्ह्यातील एका अभ्यासकेंद्रावर भाषांतराचे संपर्कसत्र घेत असताना मी विद्यार्थ्यांना पाच लहान इंग्रजी वाक्ये मराठीत आणावयास दिली होती. पाचही वाक्यांत ‘स्टॉप’ हे एकच क्रियापद होते. बहुतेकांच्या वहीत उत्तरे अशी आली : ‘पोलिसांनी बस रोखली’, ‘दगडाने नाली रोखली’, ‘पावसाने खेळ रोखला’, ‘धरणाने नदी रोखली’ आणि ‘घरच्यांनी तिला शाळेत जाण्यापासून रोखले’. व्याकरणाच्या दृष्टीने यांतील एकाही वाक्यावर लाल रेघ मारता येत नाही. तरीही ही वाक्ये लिहिणारी माणसे घरी असे बोलत नाहीत. घरी नाली तुंबते, पावसामुळे खेळ थांबतो, धरणात नदीचे पाणी अडते, आणि मुलीला शाळेत जाऊ दिले जात नाही. पाच वेगळ्या घटनांना पाच वेगळी क्रियापदे ज्यांच्या तोंडी सहज असतात, त्यांच्याच लेखणीतून एकच क्रियापद का उतरावे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही.

शब्दसंपत्तीची हानी होते, ही याबाबतची नेहमीची तक्रार आहे आणि ती खरीही आहे. परंतु मला त्याहून गंभीर वाटणारी गोष्ट निराळी आहे. गती खुंटवणाऱ्या क्रियांसाठी मराठीत असलेली क्रियापदे ही एकमेकांची पर्यायी रूपे नाहीत. कोणी थांबवले, कोणत्या अधिकाराने थांबवले आणि थांबलेल्याचे पुढे काय झाले, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या क्रियापदांच्या पोटात असतात. म्हणून क्रियापद बदलले की घटनेचा अर्थ बदलतो, आणि अनेकदा जबाबदारीही एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते किंवा कोणाच्याच खांद्यावर राहत नाही. प्रस्तुत लेखात हे मत उदाहरणांनी मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

तीन घोषणा

आपल्या परिचयाच्या तीन घोषणांपासून सुरुवात करू. पहिली राज्य परिवहन महामंडळाची : ‘हात दाखवा, एसटी थांबवा’. दुसरी मृद व जलसंधारणाच्या कामांची, गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली : ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’. तिसरी आंदोलनाची : ‘रास्ता रोको’. तिन्ही आज्ञार्थी आहेत आणि तिन्हींचा विषय गती बंद करणे हाच आहे. आता त्यांतील क्रियापदांची अदलाबदल करून पाहावी. ‘हात दाखवा, एसटी अडवा’ असे कोणी लिहिले, तर ते प्रवाशांना दिलेले निमंत्रण न राहता गुन्ह्याला दिलेले प्रोत्साहन होईल. ‘पाणी थांबवा, पाणी जिरवा’ असे म्हटले तर नळाची तोटी बंद करण्याची सूचना केल्यासारखे वाटेल. ‘रास्ता थांबवा’ याला तर अर्थच उरत नाही, कारण रस्ता मुळात चालत नसतो.

या अदलाबदलीतून काय हाती लागते ते पाहू. थांबवणे या क्रियापदात थांबणाऱ्याची संमती गृहीत असते. चालक हात पाहतो, गाडी थांबवतो, प्रवासी चढतो आणि गाडी पुन्हा निघते. येथे थांबणे हा गतीचाच एक भाग आहे. अडवणे या क्रियापदात मात्र वाटेत काहीतरी आडवे येते. अडणे, अडकणे, अडखळणे, अडचण, अडथळा, अडसर, आडकाठी हा सगळा शब्दपरिवार त्या आडवेपणाची आठवण वागवणारा आहे. अडवलेल्याची पुढे जाण्याची ओढ संपलेली नसते; ती केवळ वाट शोधत असते. पाण्याला हे क्रियापद शोभते ते यामुळेच. अडवलेले पाणी वाहू शकत नाही म्हणून जिरते, आणि जिरल्याने विहिरीला येते. रोखणे या क्रियापदात समोरासमोरचा पवित्रा आहे. आपण बंदूक रोखतो, नजर रोखतो. म्हणजे एका दिशेने नेम धरतो. ‘रास्ता रोको’ मधील रूप हिंदीतून आले असले, तरी रोखण्यातील हा समोरासमोरचा भाव त्यातही आहे. रस्त्यावर बसलेला माणूस शासनाच्या नजरेला नजर देत असतो.

तेव्हा थांबवण्यात संमती, अडवण्यात आडवेपणा आणि रोखण्यात सामना, असा स्थूलमानाने भेद करता येतो. बोलीभाषेत या सीमा कधीकधी पुसट होतात हे मान्य केले, तरी घोषणा लिहिणाऱ्यांनी नेमके शब्द निवडले, आणि ते लोकांच्या तोंडी बसले, हे लक्षात घेतले पाहिजे.

इंग्रजी क्रियापदांच्या पोटात

भाषांतर करताना आपल्याला वाटते की इंग्रजीत ‘स्टॉप’ आणि ‘ब्लॉक’ एवढेच आहे. वस्तुतः त्या भाषेतही या क्रियांसाठी शब्दांची मोठी मांदियाळी आहे, आणि त्यांची मुळे पाहिली की आपल्या भाषेचे स्मरण होते. ‘स्टॉप’ या शब्दाचा जुना अर्थ भोक बुजवणे, बोळा कोंबणे असा होता. गती संपवणे हा अर्थ त्यास नंतर आला. बाटलीच्या बुचाला इंग्रजीत ‘स्टॉपर’ म्हणतात, ते याच जुन्या अर्थाने. ‘ब्लॉक’ म्हणजे मुळात लाकडाचा ठोकळा. आपण कामात ‘खोडा’ घालतो तेव्हा आपल्याही वाक्यात लाकूडच असते, कारण खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवण्याचे लाकडी साधन. ‘बार’ म्हणजे आडवा दांडा. आपला ‘अडसर’ हा दाराला आतून लावायचा दांडाच होय. ‘कर्ब’ हा घोड्याच्या लगामाशी निगडित शब्द आहे, आणि आपणही खर्चाला ‘लगाम’ घालतो. ‘इम्पीड’ या क्रियापदात लॅटिन भाषेतील पाऊल दडलेले आहे. त्याचा मूळ अर्थ पायात बेडी अडकवणे. आपला ‘पायबंद’ तेच करतो. ‘हॉल्ट’ हा जर्मन भाषेतून आलेला शब्द ‘धर’ या अर्थाचा आहे, आणि आपले ‘धरण’ही धरणे याच धातूपासून झाले आहे. ‘स्टेम’ या क्रियापदाचा जुना अर्थ प्रवाहाला बांध घालणे असा होता. पूर ‘थोपवणे’ हे त्याचे जवळचे मराठी रूप.

यांत सर्वांत मौजेचा शब्द ‘चेक’ हा आहे. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की इंग्रज खेळाडू ‘चेक’ म्हणतो आणि मराठी खेळाडू ‘शह’ म्हणतो. दोन्ही शब्दांचे मूळ फारसीतील ‘शाह’, म्हणजे राजा. पटावर राजाची वाट अडली की त्याचे नाव घेऊन इशारा द्यावयाचा, ही चाल पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली, आणि तेथे त्या इशाऱ्याचे ‘आळा घालणे’ या अर्थाचे क्रियापद झाले. आज आपल्या रस्त्यावरील ‘चेकपोस्ट’वर वाहनचालकाला थांबावे लागते, तेव्हा तो नकळत फारसी राजाचेच नाव घेत असतो. अशा ठिकाणासाठी ‘नाका’ हा शब्द आपल्याकडे होताच आणि आजही आहे.

या तुलनेवरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. दोष इंग्रजीचा नाही. दोन्ही भाषांनी दोरी, दांडा, ओंडका, लगाम, बांध अशा हाताळता येणाऱ्या वस्तूंपासून ही क्रियापदे घडवली आहेत. दोष आहे तो शब्दकोशातील पहिला प्रतिशब्द उचलून पुढे जाण्याच्या आपल्या सवयीचा. ‘इम्पीड’, ‘कर्ब’, ‘स्टेम’, ‘ब्लॉक’ या चौघांसमोर ‘रोखणे’ असे लिहिले की चारही वस्तू नाहीशा होतात.

भंडाऱ्याचे पाणी आणि विरुद्धार्थाची कसोटी

शब्दांतील सूक्ष्म भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी मी विद्यार्थ्यांना सांगत असतो : त्या क्रियापदाचा विरुद्धार्थ शोधावा. अडवलेले सोडले जाते. कोंडलेले मोकळे केले जाते. तुंबलेल्याचा निचरा करावा लागतो. बंदी उठवली जाते, वेढाही उठतो. अटक झालेल्याची सुटका होते. संचारबंदी शिथिल होते. प्रत्येक अडथळ्याला त्याच्या त्याच्या प्रकारची मोकळीक ठरलेली आहे. दोन क्रियापदांचे विरुद्धार्थ वेगळे असतील, तर ती क्रियापदे समानार्थी नव्हेत, असे खुशाल समजावे.

ही कसोटी समजून घेण्यासाठी भंडारा जिल्ह्याइतकी चांगली शाळा नाही. हा तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशयही याच जिल्ह्यात होता. येथील जुन्या तलावांच्या उभारणीत कोहळी समाजाचा मोठा वाटा आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव शासनाकडे आले; आजही कागदोपत्री त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि बोलताना ‘मामा तलाव’. तलावाला पाळ असते, ती पाणी अडवते. परंतु पाळ बांधणाऱ्याने सांडवाही ठेवलेला असतो. सांडणे या क्रियापदापासून हा शब्द झाला. तलाव भरला की जास्तीचे पाणी सांडव्यावरून निघून जावे, पाळ फुटू नये, ही योजना. धानाच्या बांधीलाही हेच तत्त्व लागू आहे. बांधी म्हणजे धुऱ्यांनी बांधलेला शेताचा तुकडा. धुरा पाणी अडवतो. आणि पाणी अधिक झाले की शेतकरी धुऱ्याला वाट पाडून ते खालच्या बांधीत सोडतो. अडवणे आणि सोडणे ही येथे एकाच हाताची दोन कामे आहेत. ज्या रचनेत सोडण्याची सोय नाही, तेथे पाणी अडत नाही, तुंबते. अडलेल्या पाण्यावर धान पिकते. तुंबलेले पाणी कुजते.

या पार्श्वभूमीवर गोसीखुर्दचा विचार करावा. पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभ्या असलेल्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घोषित झाला. धरणाला ३३ दरवाजे आहेत. दरवाजे मिटले की पाणी अडते आणि नदी मागे पसरते. मागे पसरलेल्या पाण्याला आपल्याकडे ‘फुगवटा’ असा समर्पक शब्द आहे. वर्तमानपत्रांत मात्र त्याऐवजी ‘बॅकवॉटर’ वाचावयास मिळते. फुगवट्यात गावे आली, शेते आली, माणसांना उठावे लागले. पाण्याच्या बाबतीत अडवणे आणि सोडणे यांचे वेळापत्रक असते. ज्या माणसांची घरे त्या पाण्याखाली गेली, त्यांच्यासाठी ‘सोडणे’ हे एकच क्रियापद उरले आणि तेही गाव सोडणे या अर्थाने. पुनर्वसन आणि मोबदला या प्रश्नांसाठी प्रकल्पग्रस्तांनी पुढे वेळोवेळी आंदोलने केली, धरणे दिली.

‘धरण’ आणि ‘धरणे’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. दोहोंचा धातू एकच. धरण पाणी धरून ठेवते. धरणे देणारा माणूस स्वतःलाच एका जागी धरून ठेवतो आणि ज्याच्या दारी बसला त्याला हलू देत नाही. ही रीत जुनी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०८ खाली जे उदाहरण दिले होते, त्यात दुसऱ्याच्या दाराशी ‘धरणे’ धरून बसणाऱ्याचा उल्लेख त्याच शब्दाने केलेला होता, कारण इंग्रज कायदेकर्त्याला त्यासाठी इंग्रजी शब्द पुरला नाही. धरणामुळे उठलेला माणूस धरणे देऊन बसतो, ही वस्तुस्थिती मराठीत एका धातूच्या दोन रूपांत सांगता येते.

याच नदीने दुसराही धडा दिला. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरासह नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्याची तेव्हा मोठी चर्चा झाली. ‘पाणी आले’ आणि ‘पाणी सोडले’ या दोन वाक्यांतील अंतर त्या वेळी पूरग्रस्तांनी अनुभवले. पहिल्या वाक्यात निसर्ग आहे. दुसऱ्यात वेळ, प्रमाण आणि पूर्वसूचना यांची विचारपूस करता येईल असा कर्ता आहे. हा कर्ता किती दोषी होता, हा तज्ज्ञांचा विषय आहे. परंतु प्रश्न विचारण्याची वाट क्रियापदाने उघडून दिली, हे भाषेच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

कायद्याने केलेला भेद

कोणी म्हणेल, हे सूक्ष्म भेद साहित्यिकांच्या हौसेचे आहेत, व्यवहारात त्यांचे काय काम? याचे उत्तर कायद्याने दिले आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३३९ आणि ३४० मध्ये दोन वेगळे अपराध सांगितले होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ आणि १२७ मध्येही ते कायम आहेत. मराठी कायदेग्रंथांत पहिल्याला ‘गैरनिरोध’ आणि दुसऱ्याला ‘गैरपरिरोध’ म्हटले जाते. ज्या दिशेने जाण्याचा एखाद्या व्यक्तीला हक्क आहे, त्या दिशेने तिला जाऊ न देणे हा गैरनिरोध. ठरावीक मर्यादेच्या बाहेर तिला कोणत्याच दिशेने जाता येऊ नये अशी व्यवस्था करणे हा गैरपरिरोध. हे दोन जड शब्द वाचून विद्यार्थी गोंधळतात. प्रत्यक्षात पहिला शब्द म्हणजे आपले ‘अडवणे’ आणि दुसरा म्हणजे आपले ‘कोंडणे’. अडवणाऱ्यास एक महिन्यापर्यंत साध्या कारावासाची, तर कोंडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. दोन क्रियापदांमधील अंतर कायद्याने असे बारापटीने मोजले आहे.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून देणारी एखादी बाई ‘मला रोखले’ असे लिहिते, तेव्हा तिला दारात अडवले होते की खोलीत कोंडले होते, हे कागदावरून कळत नाही. ती स्वतः बोलताना मात्र ‘कोंडून ठेवले’ असेच सांगते. तिचा बोलीतला शब्द लेखनिकाच्या ‘प्रमाण’ शब्दापेक्षा अधिक काटेकोर असतो. प्रमाणभाषा नेहमीच अधिक नेमकी असते, या समजाला येथे धक्का बसतो.

‘व’ या अक्षराचे काम

आता व्याकरणाकडे वळू. थांबणे, अडणे, अडकणे, तुंबणे, रखडणे ही अकर्मक क्रियापदे आहेत. त्यांत ‘व’ आला की थांबवणे, अडवणे, अडकवणे, तुंबवणे, रखडवणे अशी सकर्मक रूपे होतात. अभ्यासक्रमात आपण यास प्रयोजक रूप म्हणून शिकतो आणि परीक्षेपुरते लक्षात ठेवतो. परंतु या एका अक्षराचे काम मोठे आहे. ‘व’ आला की वाक्याला कर्ता लागतो. ‘काम थांबले’ हे वाक्य पूर्ण आहे. ‘काम थांबवले’ हे ऐकताच श्रोता विचारतो, ‘कोणी?’

सार्वजनिक भाषेत हा ‘व’ फार सोयीने गाळला जातो. प्रकल्प रखडतो, निधी अडकतो, प्रकरण प्रलंबित राहते, पुनर्वसन खोळंबते. जणू ही सगळी कामे चालता चालता आपोआप दमून बसली. जेथे सकर्मक क्रियापद टाळताच येत नाही, तेथे ‘-ण्यात येणे’ ही रचना मदतीला येते : ‘रस्ता बंद करण्यात आला आहे’, ‘प्रवेश नाकारण्यात येत आहे’. या रचनेत कृती दिसते, करणारा दिसत नाही. कार्यालयीन लेखनात तिचा उपयोग काही प्रसंगी योग्यही असतो. मात्र तिची सवय जडली की उत्तरदायित्व भाषेतूनच हद्दपार होते.

२०२० मधील एक उदाहरण अनेकांना आठवत असेल. २५ मार्च २०२० पासून देशभर जी स्थिती लागू झाली, तिला वर्तमानपत्रांनी ‘टाळेबंदी’ म्हटले. हा शब्द पूर्वी कारखान्याच्या मालकाने कामगारांसाठी दार बंद केले की वापरला जाई. आता तो संपूर्ण देशाच्या हालचालीला लागू झाला. नागपूर–रायपूर महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली येथून जातो. छत्तीसगढ आणि त्यापलीकडे जाणारे मजूर कुटुंबांसह त्या उन्हाळ्यात या रस्त्याने पायी चालताना दिसले. बातम्यांत त्यांचे वर्णन ‘अडकलेले मजूर’ असे येत असे. काटेरी तारेत कपडा अडकतो, दारात बोट अडकते. तेथे कोणाचा हेतू नसतो. या माणसांची वाहने बंद झाली होती आणि जिल्ह्यांच्या सीमा मिटल्या होत्या. निर्णय आवश्यक होता की नव्हता, यावर मतभेद असू शकतात. परंतु निर्णय होता, आणि निर्णयाला कर्ता असतो. ‘अडकलेले’ या विशेषणाने तो निर्णय अपघातासारखा दिसू लागला.

आरंभी दिलेल्या पाचव्या वाक्याकडेही येथे पुन्हा पाहिले पाहिजे. ‘शाळेत जाण्यापासून रोखले’ ही रचना इंग्रजी वाक्याच्या सांगाड्यावर मराठी शब्द चढवून झालेली आहे. मराठीत आपण ‘जाऊ दिले नाही’ असे म्हणतो. यात ‘देणे’ हे क्रियापद आहे. म्हणजे वाट मिळणे हे देणे आहे, आणि कोणीतरी ते दिले नाही. ज्याच्या हाती देणे होते, त्याच्याकडे बोट दाखवणारी ही रचना आहे. घराघरांतील सत्तेचे इतके थेट वर्णन त्या भाषांतरित वाक्यात सापडत नाही.

एक आक्षेप

या मतावर एक रास्त आक्षेप घेता येईल. भाषा बदलते, शब्द येतात-जातात. ‘ब्लॉक’, ‘जाम’, ‘बंद’ यांनी लोकांचे काम भागत असेल तर जुन्या शब्दांचा आग्रह कशासाठी? मला शब्दांच्या आगमनाविषयी तक्रार नाही. दूरध्वनीवर एखाद्याला ‘ब्लॉक’ केले जाते, तेव्हा त्याला कळवलेही जात नाही, त्याची हाक कोठे पोहोचत नाही आणि त्याच्यासमोर दारही दिसत नाही. हा अनुभव नवा आहे, तेव्हा शब्दही नवा असो. रेल्वेचा ‘ब्लॉक’, हृदयाच्या रक्तवाहिनीतील ‘ब्लॉकेज’, रस्त्यावरचा ‘चक्का जाम’ हे शब्द आता आपलेच झाले आहेत. फारसीतून आलेला ‘शह’ जसा आपला झाला, तसेच हे. आक्षेप आहे तो एका शब्दाने सर्वांची जागा घेण्याला. घरात नवा माणूस राहावयास आला, याचे दुःख नाही. त्याने बाकीच्यांना बाहेर काढले, याचे आहे.

दुसरी बाब बोलीची. या भागाची बोली झाडीबोली. तिच्यात ‘ळ’चा ‘र’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. त्यामुळे तलावाची ‘पाळ’ येथे ‘पार’ होते आणि पाणी ‘पानी’ होते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीकडे अशुद्ध मराठी म्हणून न पाहता स्वतंत्र वैशिष्ट्यांची बोली म्हणून पाहावयास शिकवले. शेती, तलाव, जंगल आणि जनावरे यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या माणसांच्या बोलीत गती अडवण्याचे, वळवण्याचे, सोडण्याचे शब्द अर्थातच अधिक असतात. ते लिहिताना गाळले जातात, कारण पुस्तकी शब्दच परीक्षेत चालतो अशी समजूत आहे. निदान मराठीच्या विद्यार्थ्याने तरी ही समजूत बाळगू नये.

समारोप

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना हा विषय समजावून सांगताना मला उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. प्रवेशअर्जात ‘शिक्षणातील खंड’ असा एक रकाना असतो आणि त्यात वर्षांची संख्या लिहावी लागते. संपर्कसत्रात त्याविषयी विचारले की उत्तरे येतात : ‘लग्न झाले आणि शिक्षण थांबले’, ‘वडील गेले, मग शाळा सुटली’, ‘पैशावाचून अडले’. ‘शाळा सुटली’ हे वाक्य लहान मुलाच्या तोंडी आनंदाचे असते, कारण ती उद्या पुन्हा भरणार असते. चाळिशीतल्या विद्यार्थिनीच्या तोंडी त्याच तीन-चार अक्षरांना दुसरा अर्थ येतो. या सर्व वाक्यांत क्रियापद अकर्मक आहे. कोणाला दोष द्यावयाचा नाही, हा त्यामागचा सौजन्याचा भाग असतो आणि तो आदरणीय आहे. काही वेळा दोष देण्याजोगे खरोखरच कोणी नसते. परंतु काही वेळा असते. तेथे ‘थांबले’ की ‘थांबवले’, ‘सुटली’ की ‘सोडवली’, हा प्रश्न स्वतःला विचारण्याचे धैर्य प्रौढ विद्यार्थ्याने करावे असे मला वाटते. भांडण उकरून काढणे हा त्यामागील हेतू नाही. आपल्या मुलीच्या बाबतीत तेच वाक्य पुन्हा लिहिण्याची वेळ आली, तर ‘व’ कोणाच्या नावापुढे लागणार आहे, हे आधी कळावे, एवढाच हेतू आहे.

आणि जे अडले होते, ते आता पुन्हा वाहू लागले आहे, ही गोष्टही तितकीच खरी. तुम्ही हे पुस्तक हाती घेतले, याचा अर्थ तुमचे शिक्षण तुंबले नव्हते, अडले होते. अडलेल्याला वाट मिळते. ती मिळाल्यावर आपली भाषा वापरताना प्रत्येक क्रियापद थोडे थांबून, पारखून घ्यावे. येथे थांबण्यास कोणाची हरकत नाही.

स्वाध्याय

१. आपल्या घरी व गावात पाणी, जनावरे, वाहने आणि माणसे यांना अडवण्यासाठी वापरली जाणारी दहा क्रियापदे बोलीतल्या रूपात नोंदवा आणि प्रत्येकाचा विरुद्धार्थ लिहा.

२. कोणत्याही एका दिवसाच्या वर्तमानपत्रातून ‘रखडले’, ‘थांबले’, ‘अडकले’ ही क्रियापदे असलेली पाच वाक्ये निवडा. प्रत्येक वाक्यात ‘व’ असलेले रूप योजून कर्ता कोण असू शकेल याचा विचार करा. ज्या वाक्यात कर्ता सांगता येत नाही, तेथे त्याचे कारण लिहा.

३. ‘शाळेत जाण्यापासून रोखले’ आणि ‘शाळेत जाऊ दिले नाही’ या दोन रचनांतील अर्थभेद आपल्या शब्दांत स्पष्ट करा.